कंसातले शब्द

झाडीपट्टीतल्या नाटकाच्या संहितेत संवादाच्या आधी कंसात एखादा शब्द असतो. (रागाने). (रडत). (लाजून). (संतापाने थरथरत). वीसेक वर्षं मी अशा संहिता मांडीवर घेऊन विंगेच्या कापडाआड बसलो आणि प्रॉम्प्टिंग केलं. दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, रात्री प्रॉम्प्टर. प्रॉम्प्टरनं संवाद वाचायचा असतो, कंस वाचायचा नसतो. त्यामुळे रोज डोळ्यांखालून जाणारे पण तोंडातून कधीच बाहेर न पडलेले ते शब्द डोक्यात साचत गेले. पात्राला काय वाटतं ते कंसात लिहिलेलं असायचं. नट काय करतो ते समोर दिसायचं. आणि मांडवात बसलेल्या माणसांना त्यातलं काय पटलं, ते कानांना कळायचं. या तिन्हींचा मेळ काही रात्री बसतो, काही रात्री बसत नाही. का बसत नाही, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि ती सत्कारणी लागली असं मी मानतो.

ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया इथला जंगलाचा, तलावांचा आणि धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली, भाऊबीज आली की मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात. धान घरात आलेलं असतं, हातात चार पैसे असतात, लेकी-जावई, पाहुणे-रावळे गावात असतात आणि त्या रात्री नाटक असतं. पुढं शंकरपटांचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, दिवस येतात, तेव्हाही दिवसा पट आणि रात्री नाटक. होळीपर्यंत हंगाम चालतो. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाट्यमंडळांची ऑफिसं आहेत. गावोगावचे आयोजक तिथं येऊन नाटक आणि तारीख ठरवतात. रात्री दहानंतर पडदा वर जातो तो उजाडायच्या सुमारास खाली येतो. २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आली, २०२१च्या डिसेंबरात महाराष्ट्रात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. मधली बरीच वर्षं बैल धावले नाहीत, नाटकं मात्र होत राहिली. गुरनोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी आमच्याकडे मान वळवून पाहिलं.

एकेक नट हंगामात वेगवेगळ्या नाटकांत कामं करतो. तालमींना दिवस कमी मिळतात. पाठांतर पुरं होत नाही आणि म्हणून प्रॉम्प्टर लागतो. या घाईचा एक परिणाम असा, की नटाला पात्राविषयी विचार करायला सवड अशी नसतेच. कंसातला एक शब्द एवढीच त्याची शिदोरी. (रडत) म्हटलं की रडायचं, (रागाने) म्हटलं की ओरडायचं. बरेच जण तेवढ्यावर हंगाम काढतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. रात्री जागून, सकाळी गाडीत झोपून, दुसऱ्या गावी पुन्हा तोंडाला रंग लावणाऱ्या माणसाकडून आणखी काय मागायचं? पण जे तेवढ्यावर थांबले नाहीत, त्यांच्याकडून मी शिकलो.

मोहफुलांच्या दिवसांत बायका पहाटे अंधारातच टोपली घेऊन जंगलात जातात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल, सावली, या भागात वाघानं माणूस मारल्याची बातमी नवी राहिलेली नाही. आमच्या एका नाटकात अशीच बातमी नवऱ्याला येऊन कळते, असा प्रसंग होता. कंसात (हंबरडा फोडून), आणि पुढं दीड पानाचं भाषण. पहिल्या हंगामात ते काम करणारा नट गुणी होता. आवाज दणदणीत, डोळ्यांत पाणी मागताक्षणी हजर. पण त्याचा हंबरडा सुरू झाला की मांडवाच्या कडेची माणसं चहाला उठत. मला वाईट वाटायचं, कारण तो मनापासून करत होता.

पुढल्या हंगामात ते काम एका वयस्क नटाकडे आलं. घरची शेती, चार इयत्ता शिकलेला, हंगाम संपला की पुन्हा नांगर धरणारा माणूस. तालमीत मला म्हणाला, "गुरुजी, भाषण म्हनतो मी. पन मले पयले जरासा येळ द्या. मी खूण करीन तवा बोला." प्रयोगात निरोप घेऊन पोरगा धावत आला, सांगायचं ते सांगून मोकळा झाला. हा नट जागचा हलला नाही. मग म्हणाला, "टोपली कोठी हाय?" संहितेत हे वाक्य नव्हतं. पोराला काय उत्तर द्यावं कळेना, तो गप्प राहिला. नटानं खुंटीवरचा दुपट्टा काढून डोक्याला गुंडाळला. कोपऱ्यातली काठी उचलली, परत ठेवली, पुन्हा उचलली. दाराशी गेला आणि थबकला. मागं वळून चुलीपाशी आला, जळती लाकडं ओढून काढली आणि त्यांच्यावर गडव्यातलं पाणी ओतलं. भात चुलीवर होता आणि आता घरात पाहायला कुणी असणार नव्हतं. रंगमंचावरची चूल खोटी, लाकडं खोटी, पाणी तेवढं खरं. ते पाणी ओतलं तेव्हा समोर बसलेल्या बायकांमधून हुंदके यायला लागले. मग त्यानं मला खूण केली. दीड पानाच्या भाषणातल्या चार ओळी तो बोलला आणि बाहेर पडला.

याचा उलगडा मला हळूहळू झाला. अशा दिवशी त्या माणसाला वनखात्याच्या लोकांना जागा दाखवायला जावं लागतं. पोलीस येतात, पंचनामा होतो, पुढची मदत त्या कागदावर अवलंबून असते. घरात लेकरं असतात. दुःख असतंच, पण त्याच्या पुढ्यात दहा कामं उभी असतात, आणि माणूस आधी ती कामं उरकतो. हंबरडाही खरा असतो. आमच्या गावांत बायामाणसं मोकळ्या गळ्यानं रडतात. पण तो हंबरडा फुटतो बहीण आली, माहेरची माणसं आली, म्हणजे तो झेलणारं कुणी आलं की. निरोप्या पोरासमोर कुणी हंबरडा फोडत नाही. लेखकानं कंसात भावना बरोबर लिहिली होती. ती भावना त्या घरातून, त्या घडीला कोणत्या वाटेनं बाहेर पडेल, ते मात्र त्यानं पाहिलं नव्हतं.

धानाच्या बांधीत पाणी भरलं की ती कुठं फुटेल हे पाणी ठरवत नाही, पार, म्हणजे कडेचा बांध, जिथं कच्ची तिथं ती फुटते. पात्राचंही तसंच आहे, असं मी नव्या मुलांना सांगतो. दुःख किती हे विचारण्याआधी या माणसाची पार कुठं कच्ची आहे ते विचारा. एकाची लेकरांपाशी कच्ची असते, दुसऱ्याची लोकलाजेपाशी, तिसऱ्याची पैशापाशी. दुःख तेच. एक गप्प बसेल, एक भांडण उकरून काढेल, एक अंगण झाडत बसेल.

पूर्वी आमच्याकडे पौराणिक-ऐतिहासिक नाटकं जोरात होती. पुढं सामाजिक नाटकांचा जोर वाढला. नवरगावच्या सदानंद बोरकरांचं 'आत्महत्या' नाटक आलं तसं शेतकऱ्याचं घरच रंगमंचावर आलं. या बदलानं नटांचं काम फार अवघड केलं, असं माझं मत आहे. राजा कसा रडतो हे मांडवातल्या कुणीच पाहिलेलं नसतं. नट दाखवील तसा राजा रडतो. पण कर्जात बुडालेला शेतकरी बँकेतून घरी आल्यावर काय करतो, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तिथं नट चुकला की सतरंजीवरचा म्हातारा शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, "थो रडन कायले गा? थो तं पयले बैल सोडन, त्यायले पानी दाखवन." एवढा नेमका नाट्यपरीक्षक मला पुस्तकांत भेटला नाही. तो म्हातारा भावनेबद्दल काहीच बोलत नाही. तो क्रम सांगतो, काय आधी आणि काय नंतर. वर्षानुवर्षं असे शेरे ऐकून मला वाटू लागलं, की पात्राचं मन ओळखायचं ते याच क्रमातून.

नाट्यशास्त्र मी कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस होतो, हे पाठ केलं आणि विसरलो. विंगेत बसायला लागल्यावर ते पुन्हा काढलं. तेव्हा ध्यानात आलं, की भरतमुनींनी भावनेचं कारण वेगळं ठेवलं आहे, तिचं बाहेर दिसणारं रूप वेगळं ठेवलं आहे, आणि त्या दोन्हींच्या मधून ये-जा करणारे तेहतीस व्यभिचारी भाव मोजले आहेत. शंका, लज्जा, गर्व, चिंता, आळस, असे. त्यांतच एक आहे अवहित्था. मनात उठलेलं चेहऱ्यावर येऊ न देणं, म्हणजे लपवणं. लपवण्याला स्वतंत्र जागा देणाऱ्या त्या शास्त्रकारानं माणसं किती जवळून पाहिली असतील! आमच्या संहितांच्या कंसांत सगळं सापडतं, पण (लपवून) सहसा सापडत नाही. आणि आमच्या या मुलखात तर लपवणं हाच कितीएक माणसांचा रोजचा व्यवहार होता.

गडचिरोलीकडच्या एका गावात आम्ही असं नाटक केलं ज्यात एका बाईचा मुलगा जंगलात गेलेला असतो, नक्षलवाद्यांच्या दलमबरोबर. तो चकमकीत मारला गेल्याची बातमी गावात येते. लेखक शहरातला. त्यानं आईसाठी छाती पिटून रडण्याचा प्रसंग लिहिला होता. तालमीला त्या गावातले दोघं-तिघं आले होते, मांडव-विजेची व्यवस्था बघायला. त्यांतला एक वयस्क गृहस्थ बराच वेळ पाहत उभा राहिला आणि शेवटी आमच्या दिग्दर्शकाला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, की ही बाई अशी रडली तर ती कोणाची आई ते सगळ्यांना कळेल. एवढंच बोलून तो पुढं कामाला लागला. दिग्दर्शक शहाणा. त्यानं रात्रीतून प्रसंग बदलला. बातमी सांगणारी माणसं ओट्यावर बसलेली, ही बाई सुपात तांदूळ घेऊन खडे निवडते आहे. बातमी ऐकते. हात थांबत नाही. उलट निवडणं अधिक बारकाईचं होतं. एकेक दाणा उचलून दिव्याजवळ नेते, पाहते, ठेवते. कुणीतरी विचारतं, "बाई, तुझा पोरगा कोठी असते आजकाल?" ती म्हणते, "चंद्रपूरले. कामाले." आणि पुन्हा खडे.

भीती आणि दुःख एकाच वेळी, आणि दोन्हींपैकी एकही चेहऱ्यावर नाही. मी विंगेतून त्या नटीचे हात पाहत होतो. प्रॉम्प्ट करायला काहीच नव्हतं, कारण संवाद दोनच. मांडवात इतके लोक असूनही कुजबुज नव्हती. जे बसले होते त्यांतल्या कित्येकांनी बंदुकीच्या दोन्ही बाजूंमध्ये राहून आयुष्य काढलेलं. पात्र कसं वागतं हे त्याला काय वाटतं यावर जितकं ठरतं, तितकंच त्याला कोण पाहतं आहे यावर ठरतं, हे तेव्हापासून मी पक्कं धरलं. कोणताही प्रसंग वाचताना मी आधी विचारतो, ओट्यावर कोण बसलंय?

बायकांची कामं करणाऱ्या नट्यांकडून मी याबाबतीत जास्त शिकलो, हे कबूल करायला हवं. पुरुष नट भावना दाखवायला आवाजाकडे धाव घेतात. बायका वस्तूंकडे वळतात. एका नाटकात नवरा घर सोडून गेलेला, कित्येक वर्षांनी परततो. कंसात (आनंदाने धावत येऊन). नागपूरहून येणारी एक नटी हे काम करायची. ती धावली नाही. आत गेली आणि पाण्याचा गडवा आणून त्याच्या पायांपाशी ठेवला. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला पाय धुवायला असं पाणी देतात. घरच्या माणसाला कुणी देत नाही, तो आपल्या हातानं घेतो. गडवा ठेवला आणि ती दोन पावलं मागं सरली. मांडवभर एक हुंकार उठला. राग होता, आनंद होता, इतक्या वर्षांचा हिशेब होता, आणि तो परका झाला आहे हे सांगणंही होतं. चार पानांच्या संवादात जे सांगता आलं नसतं ते एका गडव्यानं सांगितलं. नंतर मी तिला विचारलं, हे सुचलं कसं. ती म्हणाली, "गुरुजी, मला त्याचा राग आला होता, पण त्याला घरातून घालवायचं नव्हतं. मग काय करणार?" तिनं स्वतःला विचारलेला हा प्रश्नच तिची सगळी विद्या होती. काय वाटतं यापाशी ती थांबली नाही. असं वाटत असताना मला काय हवंय आणि काय गमावायचं नाही, इथपर्यंत ती गेली.

दारूच्या नाटकांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. कायदा काहीही असो, दारूचं दुःख या घरांना माहीत आहे, त्यामुळे नाटकातला दारुडा लोक फार बारकाईनं तपासतात. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ सालचं, गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलेलं. ते आमच्याकडे करताना सुधाकराचं काम करणारा नट पहिल्या प्याल्यापासूनच झोकांड्या द्यायचा. एका गावी ज्यांच्या घरी आमचं जेवण होतं, त्या मावशी वाढता वाढता म्हणाल्या, "पिऊन आलेला मानूस झोकांड्या नाई देत जी, गुरुजी. सुरवातीले तं मुळीच नाई. थो चपला सरळ लावून ठेवते." त्या पुढं काही बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही. पण त्या रात्री सुधाकर घरात आला तो दारात थांबला, चपला काढल्या, वाकून एकीला एक लावून ठेवल्या, आणि मग सरळ, फार सरळ चालत आत आला. सिंधूनं, त्याच्या बायकोनं, त्या चपलांकडे पाहिलं. बायकांच्या बाजूला बसलेल्यांना तिथंच सगळं कळलं.

सुधाकराच्या कामाबद्दल आमची पुष्कळ चर्चा व्हायची. तो दारूकडे वळतो तो तलफ आली म्हणून नव्हे. भर कोर्टात त्याचा अपमान झालेला असतो, सनद काही काळापुरती गेलेली असते, आणि तो बुद्धिमान, मानी माणूस ते पचवू शकत नाही. मूळ भावना लाज. पण लाजेनं तो मान खाली घालत नाही. चिडतो, टाकून बोलतो, आणि मग पितो. आमच्या नाटकांतल्या पुरुष पात्रांच्या कंसांत जिथं जिथं (रागाने) लिहिलेलं असतं, तिथं खाली उकरून पाहिलं तर बहुतेक वेळा लाज किंवा भीती निघते, असा माझा अनुभव आहे. हे नटाला सांगितलं की त्याचा आवाज आपोआप बदलतो. ओरडतो तोच, पण समोरच्याच्या डोळ्यांत न पाहता ओरडतो.

खलनायकाचंही असंच. झाडीपट्टीत खलनायकाला मोठा मान आहे. लोक त्याला मनसोक्त शिव्याशाप देतात आणि सकाळी त्याच नटाला घरी नेऊन चहा पाजतात. सावकाराचं काम करणाऱ्या एका नटानं तालमीत विचारलं, "हा भितो कोणाले?" लेखकानं याचा विचार केलेला नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, की तो आपल्या थोरल्या मुलाला भितो. मुलगा शिकलेला आहे, बापाच्या धंद्याची त्याला शरम वाटते, तो घर सोडेल. एवढं ठरल्यावर नटाचं सगळं वागणं पालटलं. पैसे मोजताना तो मुलाच्या खोलीकडे पाठ करून बसू लागला. मुलगा घरात असला की कुळांवर जास्त जोरात ओरडू लागला. मुलाचं नाव कुणी काढलं की मोजलेल्या नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. संवादातलं अक्षरही बदललं नव्हतं. शिव्याशाप तेवढेच पडायचे, पण शेवटी मुलगा जातो तेव्हा त्याच बाया चुकचुकायच्या.

शहरातून पाहायला येणारे लोक कधी कधी म्हणतात, तुमचं नाटक फार भडक, अभिनय फार मोठा. त्यांनी एकदा रात्री दोन वाजता मांडवाच्या शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसावं. समोर इतकी माणसं, मधे शेकोट्यांचा धूर, लाउडस्पीकरची घरघर. भुवई उंचावून इथं काही कळत नाही. वागणं मोठं करावंच लागतं. माझं म्हणणं एवढंच, की मोठं म्हणजे खोटं नव्हे. जळत्या लाकडांवर पाणी ओतणं हेही मोठंच वागणं आहे, मागच्या रांगेपर्यंत पोचतं. हंबरडाही मोठा. पहिलं त्या माणसाचं आहे, दुसरं कुणाचंही असू शकतं. फरक इथं आहे, आणि तो जपण्यासाठी नैसर्गिक अभिनयाचे धडे घेण्याची गरज नाही. पात्राच्या घरात चार वेळा जाऊन यायची गरज आहे.

वाटणं आधी की वागणं आधी, हाही प्रश्न मला पुष्कळ वर्षं पडला. विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १८८४ साली मांडलं होतं, की आपण दुःखी होतो म्हणून रडत नाही, रडतो म्हणून दुःखी होतो. एरवी हे मला उलटं वाटलं असतं. पण स्तानिस्लाव्हस्कीसारखा रशियन दिग्दर्शकही आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत नटांना भावनेच्या मागं न लागता शरीरानं करायच्या कृतीपासून सुरुवात करायला सांगू लागला होता, हे कळल्यावर मी आमच्याच नटांकडे नव्यानं पाहिलं. पहाटे चार वाजता, सलग तिसऱ्या रात्रीच्या प्रयोगात, नुसत्या थकव्यानं एका नटाचा आवाज चिरकला. प्रसंग बापलेकाच्या ताटातुटीचा. आवाज चिरकला आणि त्याचं त्यालाच भरून आलं. तिथून पुढं तो खरंच बाप झाला. भरतमुनींच्या आठ सात्त्विक भावांत स्वरभंग आहे, स्वेद आहे, कंप आहे. शरीर कधी कधी मनाच्या आधी पोचतं. म्हणून अडलेल्या नटाला मी भावना समजावून सांगत बसत नाही. त्याला हातात काम देतो. दोरी वळ. कंदिलाची काच पूस. जावयाच्या ताटात वाढ आणि मग हे वाक्य बोल.

पुढं मी स्वतः नाटकं लिहायला लागलो ती या सगळ्या शिदोरीवर. लिहिताना पानाच्या मधोमध रेघ मारतो. डावीकडं पात्राला काय हवंय ते, उजवीकडं त्याचे हात काय करतायत ते. कंस लिहीत नाही. सुरुवातीला नट वैतागायचे, "गुरुजी, इथं रडायचं का चिडायचं, ते तं सांगा." आयोजकांनाही शंका असायची, त्यांना बुकिंगच्या वेळी विचारायचं असतं, रडके सीन किती, कॉमेडी किती, गाणी किती. त्यांचं चूक नाही, गावानं वर्गणी काढलेली असते आणि लोकांना पोटभर नाटक हवं असतं. मी त्यांना सांगतो, रडतील, काळजी करू नका. फक्त कोण रडणार ते नट आणि प्रेक्षक यांच्यात ठरू द्या. पात्र कोरड्या डोळ्यांनी काम करत राहिलं की रडणं प्रेक्षकांच्या वाट्याला येतं, हे इतक्या रात्री पाहिलं आहे की त्याबद्दल माझ्या मनात किंतु उरलेला नाही.

सध्या लिहितो आहे त्या नाटकात एका शेतकऱ्याची जमीन प्रकल्पात गेली आहे. पैसा आला आहे, कधी पाहिला नव्हता एवढा. त्यानं मोठी गाडी घेतली आहे. चामोर्शीकडं अशी माणसं मी पाहिली आहेत. लोक म्हणतात, माजले. मला तसं दिसत नाही, पण त्याला काय वाटतं ते मला अजून धड सांगता येत नाही. त्यात आनंद आहे, अपराधी वाटणं आहे, आणि जून उजाडला की हातांना काम नाही याची सैरभैर अवस्था आहे. तो काय करेल, यावर माझं आणि मुख्य काम करणाऱ्या नटाचं पटत नाही. माझं म्हणणं, मृग लागला की तो पहाटे उठून सवयीनं वावराच्या वाटेला लागतो आणि कुंपणापाशी जाऊन परत येतो. नट म्हणतो, "नाई गुरुजी, थो त्या बाजूले जानारच नाई. थो आडवाटनं जाईन, पन थे वावर दिसू नाई देनार डोयाले." त्याच्या मामाची जमीन तशीच गेली आहे, तेव्हा त्याचं ऐकावंसं वाटतं. पण मग गाडीचं काय करायचं, हे त्यालाही सुचलेलं नाही. भाऊबीजेला पहिला प्रयोग लागला आहे. तोवर चामोर्शीला आणखी दोन फेऱ्या माराव्या लागतील, नटालाही बरोबर घेऊन.